चारशे फुटांची काच

"आज रात्री पाऊस गोठणार. ट्रक खालीच लाव, पोरी, माझ्या कोठारापाशी. वर चालत जा."

असं आमचे खालचे शेजारी एल्विन मला काल दुपारी टपालपेटीपाशी उभे राहून म्हणाले. एका हातात बियाण्यांचं माहितीपत्रक होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट आभाळाकडे. मी आभाळाकडे पाहिलं. ते राखाडी होतं. पण इथे व्हरमाँटात जानेवारीत ते राखाडीच असतं. त्यावरून काही ठरवायचं म्हटलं तर माणूस नोव्हेंबरात घरात शिरेल तो मेमध्येच बाहेर येईल. मागच्या सीटवर माझी दहा महिन्यांची लेक टॅन्सी स्वतःचा मोजा चघळत होती. ट्रकच्या हौद्यात आठवड्याचं सामान होतं, डायपरचे दोन खोके होते आणि एल्विनच्याच कोंबड्यांसाठी आणलेलं मक्याचं पोतं होतं.

"चारही चाकांना जोर आहे आमच्या ट्रकच्या," मी म्हणाले.

"असू दे की. मग चारही घसरतील."

आता यात रागावण्यासारखं काही नव्हतं हे मला आज कळतंय. पण मी या गावात सहा वर्षं राहूनही गावाच्या लेखी 'सपाटीवरची' आहे. माझं माहेर इथून चाळीस मैलांवर, तळ्याकाठी आहे, आणि तिथली जमीन दुर्दैवानं सपाट आहे. इथल्या लोकांच्या मते आमच्यासारख्यांना बर्फ फक्त पेयात घालायचा माहीत. टॅन्सी इथे जन्मली, म्हणून तिला बहुधा पन्नाशीला इथली मानतील. मला तेवढीही आशा नाही. तर ते "पोरी", ते वर केलेलं बोट आणि ती चार चाकं, असं सगळं एकदम मनाला लागलं आणि मी ताडकन गिअर टाकून वर निघून आले. मक्याचं पोतं द्यायचं राहिलं ते राहिलंच.

आमच्या घराची वाट चारशे फूट आहे. माझा नवरा रेमी यानं हे घर देखाव्यासाठी घेतलं. देखावा असा: खाली गावरस्ता, रस्त्यापलीकडे एल्विनचं घर, घरावर धुराडं आणि घरापुढे, अगदी रस्त्याला चिकटून, कोंबड्यांचं खुराडं. आमची वाट घरापासून सरळ उतरते, मध्यावर एका मेपलच्या झाडापाशी हौस म्हणून एक वळण घेते आणि तिथून थेट त्या खुराड्यावर नेम धरते. घर घेताना दलालानं "उतार जरा आहे" असं म्हटलं होतं. त्या 'जरा'वर त्याची जीभ किंचित अडखळली होती, पण मी तेव्हा स्वयंपाकघरातली कपाटं बघत होते.

तारा पडणार हे माहीत असल्यामुळे वीज कंपनीनं रेमीला काल संध्याकाळीच बोलावून घेतलं. सकाळी मी उठले तेव्हा वीज गेलेली होती आणि सगळ्या जगाला कोणीतरी काच चढवली होती. झाडं काचेची, कुंपण काचेचं, सरपणाची रास काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी. वाट तर अशी चकाकत होती की तिच्यात आमचं घर उलटं दिसत होतं. मी पायरीवरून पहिलं पाऊल टाकलं. दुसरं आपोआप पडलं. तिसरं आणि चौथं माझ्या परवानगीशिवाय झाली आणि पाचव्याच्या वेळी मी ट्रकच्या आरशाला मिठी मारून उभी होते. तशीच दोन मिनिटं उभी राहिले. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाईचं गाडीवर फार प्रेम दिसतंय.

इथे प्रत्येक घराच्या ओसरीत झाकणाचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात हिवाळाभर शेगडीतली राख साठवतात आणि वाट गोठली की ती पसरतात. आमच्याकडेही डबा आहे. फक्त त्यातली राख मी परवाच लसणाच्या वाफ्यावर टाकली होती. मातीचं आम्ल आणि राखेचा क्षार यावर मी कॉलेजात बावीस पानांचा निबंध लिहिला होता आणि त्याला उत्तम शेरा मिळाला होता, त्यामुळे त्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. डबा रिकामा पाहून मी क्षणभर थबकले आणि मग मला उपाय सुचला. शेगडीत राख होतीच की! मी शेगडी उघडली, फावड्यानं होतं नव्हतं ते सगळं डब्यात ओढलं आणि पायरीवर बसून मोठ्या रुबाबात वाटेवर भिरकावलं.

होतं नव्हतं त्यात निखारेही होते. ते काचेवर पडले, चुर्र करून आत गेले आणि प्रत्येकानं आपापल्यापुरतं एक टुमदार भोक पाडलं. त्यातून वितळलेलं पाणी राखेत मिसळलं आणि थोड्या वेळात माझ्या वाटेच्या पहिल्या तीस फुटांवर करड्या रंगाचं, लोण्यासारखं मऊ, चकचकीत असं काहीतरी तयार झालं. नुसत्या बर्फावर माणूस घसरतो. यावर माणूस घसरण्याआधीच पडला असता.

आत आले तर शेगडी गार. सरपण काचेच्या पेटीत. टॅन्सीला मी तिच्या फुगीर कोटात घातलं, टोपी घातली, आणि ती जमिनीवर ठेवल्यावर एखाद्या उशीसारखी जिथल्या तिथे राहिली. मग सवयीनं मी खिडकीतून खाली पाहिलं.

एल्विनच्या धुराड्यातून धूर येत नव्हता.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, अगदी रेमीलाही नाही, पण मी रोज तो धूर बघते. एल्विन चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. बायको जाऊन चार वर्षं झाली. मोबाइल ठेवत नाहीत, कोणाला चौकशी करू देत नाहीत, आणि "कसं काय?" विचारलं की "अजून आहे" एवढंच सांगतात. पण टॅन्सीच्या पहाटेच्या दुधाच्या वेळी त्यांच्या धुराड्यातून बारीक निळा धूर निघतो आणि मग तो दिवसभर असतो. धूर आहे म्हणजे माणूस आहे. आणि आता नऊ वाजायला आले तरी आभाळ तिथे अगदी स्वच्छ होतं.

मी त्यांना फोन लावला. आमच्या घरात फोनला रेघ मिळते ती एकाच ठिकाणी: मागच्या खोलीतल्या मोठ्या फ्रीजरच्या झाकणावर उभं राहिलं तर. म्हणून मी टॅन्सीला काखोटीला मारून फ्रीजरवर चढले. बावीस वेळा घंटी वाजली. उचलला नाही. डोळ्यांपुढे स्वयंपाकघराची फरशी आली, त्यावर पडलेले एल्विन आले. मी गाव कचेरीला फोन लावला.

"कचेरी. बर्नडीन बोलतेय."

"बर्नडीन, मी कोरिन, टेकडीवरची. एल्विनच्या धुराड्यातून धूर येत नाहीये."

"केव्हापासून?"

"माहीत नाही. मी राख पसरत होते."

"कसली राख?"

"ते सोड ग. बचावपथक पाठवतेस का?"

"त्यांची गाडी शाळेपाशी चरात आहे. सध्या ते एकमेकांना वाचवतायत. एल्विन तुला पडलेले दिसतायत का?"

"नाही."

"ओरडतायत?"

"चारशे फुटांवरून मला कसं ऐकू येणार?"

"मग हे नुसतं धूर नसणं झालं," बर्नडीन म्हणाली. "त्याचा रकाना नाही माझ्याकडे."

"बरं, वाळू तरी?"

"वाळू आहे की! कचेरीमागं ढीग घातलाय. घरटी दोन बादल्या. बादली ज्याची त्यानं आणायची."

"बर्नडीन, मला तिथवर येता आलं असतं तर वाळू कशाला लागली असती?"

बर्नडीन गेली एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर आहे आणि हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला असावा.

"मुद्दा बरोबर आहे तुझा," ती म्हणाली. "पण खासगी वाटेवर गावची वाळू न्यायची नाही असा ठराव आहे. तो बदलायचा तर गावसभेत मांडावा लागेल. मार्चचा पहिला मंगळवार. अर्ज, सात सह्या आणि एक अनुमोदक."

"आज अकरा जानेवारी आहे!"

"म्हणजे वेळ आहे तुझ्याकडे."

मग मी गावाच्या ई-मेल यादीवर लिहिलं. एरवी त्या यादीवर हरवलेली मांजरं आणि सापडलेले हातमोजे असतात. मी लिहिलं, 'बर्फाच्या उतारावरून ट्रक सुखरूप खाली कसा आणावा? तातडीचं आहे.' त्या दिवशी गावात कोणालाच घराबाहेर पडता येत नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला सगळे मोकळे होते. पंधरा मिनिटांत एकतीस उत्तरं आली. चाकांतली हवा कमी कर. हवेला अजिबात हात लावू नकोस. हौद्यात वजन टाक. हौद्यातलं वजन काढ, तेच मागून ढकलतं. उलटी उतर. जीव प्यारा असेल तर उलटी उतरू नकोस. एका बाईंनी काकडीच्या लोणच्याचं पाणी शिंपडायला सांगितलं होतं, आणि नसेल तर त्यांच्याकडे चार बरण्या आहेत, येऊन घेऊन जा, असंही. एकानं ट्रक विकायचा आहे का विचारलं. आणि सात जणांनी, वेगवेगळ्या सात जणांनी, लिहिलं होतं: 'एल्विननी काल ट्रक खाली लावायला सांगितला होता ना?'

म्हणजे काल संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं होतं!

तेवढ्यात लुसिलचा फोन आला. लुसिल अठ्ठावीस वर्षं आमच्या शाळेची बस चालवते. या खोऱ्यातला असा एकही उतार नाही की जो तिनं पन्नास ओरडत्या मुलांसह उतरलेला नाही. तिच्याही वाटेवर मेपल आडवा पडला होता, नाहीतर ती स्वतःच आली असती.

"ऐक," ती म्हणाली. "खालचा गिअर. अगदी खालचा. गोगलगायीला कंटाळा येईल इतक्या हळू. उजवी चाकं कडेच्या जुन्या खरखरीत बर्फात ठेव, मधल्या काचेवर जाऊच नकोस. आणि ब्रेक विसर. ट्रकला ब्रेक बसवायचा राहिलाय असं समज."

"आणि घसरला तर?"

"तर माझ्या बसमधल्या मुलांशी वागतात तसं वागायचं. अचानक काही करायचं नाही, किंचाळायचं नाही, आणि आपण घाबरलोय हे कळू द्यायचं नाही. ट्रकचं बूड जिकडे घसरेल तिकडे चाक वळव, पाय सगळ्यावरून काढ."

"मागून दोरानं बांधला तर? ओसरीच्या खांबाला?"

"मग घरही येईल तुझ्याबरोबर. चाकांना बांधायच्या साखळ्या आहेत का?"

साखळ्या होत्या, पण दोनच. उरलेल्या रेमीच्या गाडीत. लुसिल म्हणाली पुढच्या चाकांना लाव, म्हणजे वळणावर ट्रक ऐकेल. यादीवरचं बहुमत मागच्या चाकांच्या बाजूनं होतं. मी अर्धा तास पालथी पडून साखळ्यांशी झटले. सूचना सहा भाषांत होत्या आणि सहाही भाषांत चित्रातला माणूस हसत होता. शेवटी मी दोन्ही पक्षांचा मान राखला. एक साखळी पुढच्या उजव्या चाकाला लावली आणि एक मागच्या डाव्या. त्या क्षणी हा निर्णय मला अतिशय समंजस वाटला होता.

राखेच्या त्या लोण्यावर काहीतरी खरखरीत टाकणं भाग होतं. हौद्यात मक्याचं पोतं होतं. मी पायरीवर बसून, पुढे सरकत सरकत, एल्विनच्या कोंबड्यांचा निम्मा मका वाटेच्या पहिल्या टप्प्यावर पेरला आणि उरलेलं उघडं पोतं परत हौद्यात टाकलं.

टॅन्सीचं काय करायचं हा प्रश्न मी शेवटपर्यंत टाळला होता. घर गार पडत चाललं होतं. तिला एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. कडेवर घेऊन चालत उतरावं तर माझ्या पाच पावलांची हकीकत वर आलीच आहे. शिवाय एल्विनना उचलून न्यायची वेळ आली तर गाडी हवी. म्हणून ती मागच्या सीटवर, तिच्या खुर्चीत, पाच पट्ट्यांत, दोन उशांच्या मध्ये बसली आणि माझ्याकडे बघून हसली. सगळ्या मोहिमेत सर्वांत सुरक्षित तीच होती, आणि तिला ते माहीत असावं.

मी खालचा गिअर टाकला. ट्रकनं एक हुंकार दिला आणि हलला.

पहिले साठ फूट मी आयुष्यात विसरणार नाही. उजवी चाकं कडेच्या बर्फात कुर्रकुर्र करत होती, साखळी खणखणत होती, मका कडकड फुटत होता, आणि ट्रक एखाद्या वयस्क सरदारासारखा सावकाश, तोलून उतरत होता. मी घाबरले नव्हते. उलट माझ्या मनात भाषण तयार होत होतं. सपाटीवरची म्हणता ना? या, बघा. एकतीसही जण या. मी टॅन्सीला मोठ्यानं म्हणालेसुद्धा, "बघ, राणी, आई कशी उतरवतेय."

तेव्हा झाडीतून टर्की आल्या, मोराएवढ्या थोराड रानकोंबड्या.

रानटर्कीला मक्याचा वास मैलावरून येतो की काय मला माहीत नाही, पण काचेनं सगळं रान झाकलेलं, त्या उपाशी, आणि मी त्यांच्यासाठी साठ फूट पंगत मांडलेली. वीसेक तरी असतील. पहिली डौलानं वाटेवर उतरली आणि बसली. बसली म्हणजे पाय पसरून पडली आणि तशीच माझ्यापुढे घसरू लागली. तिच्या मागून दुसरी. मग सगळ्याच. आता उतारावर आधी टर्की, त्यांच्या मागे मी, सगळे एकाच वेगानं, एकाच दिशेनं, असं आमचं लटांबर निघालं. मी भोंगा वाजवला. एका टर्कीनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मला ओशाळल्यासारखं झालं. भोंगा वाजवून कोणाचं घसरणं थांबतं का?

आणि मग एक अगदी चाकासमोर आली, आणि माझा पाय, माझ्या शिक्षणाचा, लुसिलचा आणि एकतीस सल्ल्यांचा जराही विचार न करता, ब्रेकवर गेला.

ट्रकनं काही आदळआपट केली नाही. त्यानं फक्त विचार बदलला. पुढच्या उजव्या चाकाला साखळी, मागच्या डाव्याला साखळी, म्हणजे दोन कोपरे धरलेले आणि दोन सुटलेले. तो त्या दोन कोपऱ्यांवर शांतपणे, डौलात आडवा झाला. आता मला वाट दिसत नव्हती, बाजूचं रान दिसत होतं. आणि रानातून, मेपलपाशी, बुटांना लोखंडी खिळे बांधलेले, हातात दाताळं घेतलेले एल्विन बाहेर येत होते.

"पाय काढ!" ते ओरडले.

"कशावरचा?" मी काच खाली करून ओरडले.

"सगळ्यावरचे!"

मी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. ट्रक आडवाच सरकत राहिला, माणूस चालतो त्याहून किंचित हळू, आणि एल्विन खिळे रोवत माझ्या खिडकीला लागून चालू लागले. माझ्या मनातलं सगळं भय एका क्षणात संतापात बदललं.

"तुम्ही जिवंत आहात?"

"मग काय असायला हवं?"

"तुमच्या धुराड्यातून धूर नाही!"

"माझ्या? अगं, तुझ्या धुराड्यातून नाही! सव्वाआठला एकदम बंद झाला! लहान मूल घरात, नवरा बाहेर, वीज नाही, म्हटलं काय झालं काय! तसाच निघालो. रानातून, मागच्या अंगानं. दीड तास झाला."

"आणि तुमची शेगडी?"

"ती विझली असेल आता, मी इथे असल्यावर! चाक डावीकडे घे."

"कुठलं डावीकडे? मी आडवी आहे!"

"तुझ्या डावीकडे. हां. हळू. पोरीच्या डोक्याला टोपी आहे का?"

"आहे!"

"मग झालं तर."

मी चाक डावीकडे घेतलं. ट्रकला ते फारच पटलं. तो आणखी वळला, वळतच राहिला आणि पूर्ण उलटा होऊन, तोंड आमच्या घराकडे करून, उरलेली वाट पाठमोरा उतरू लागला. एल्विनना मागे टाकून. पुढच्या काचेतून मला ते लहान लहान होत जाताना दिसत होते, दाताळं हवेत, काहीतरी ओरडत. नंतर विचारलं तर म्हणाले, "कोंबड्या, कोंबड्या," असं ओरडत होतो.

खुराड्याला आम्ही अगदी हलकेच लागलो. त्याला धक्का म्हणणं अन्याय होईल, टेकलो म्हणावं. खुराड्याचं दार निखळून हौद्यात पडलं, त्याच्यावरून एक कोंबडी आली, उघड्या पोत्यात डोकावली, आणि आत जाऊन बाकीच्यांना बोलावून आणलं. टॅन्सीनं टाळ्या वाजवल्या. दोन टर्कीही पोचल्या होत्या. त्या रस्त्यावर उभ्या राहून पिसं झटकून घेत होत्या, जणू त्यांना इथेच यायचं होतं.

एल्विन दहा मिनिटांनी आले. त्यांनी कोंबड्या पाहिल्या, टॅन्सी पाहिली, मला पाहिलं. मग ट्रकभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या उजव्या चाकापाशी थांबले. मागच्या डाव्यापाशी पुन्हा थांबले.

"हे कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. सगळ्यांनी मिळून."

त्यावर त्यांनी आम्हांला आत नेलं, शेगडी पेटवली, टॅन्सीला मांडीवर घेतलं आणि माझ्यापुढे ॲपल पायचा तुकडा आणि चीजची जाड चकती ठेवली. कॉफी अर्धी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझी शेगडी का विझली?"

मी सांगितलं. राखेचं, डब्याचं, लसणाचं, फावड्याचं. एल्विन बराच वेळ टॅन्सीच्या टोपीकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते, पण चेहरा शेवटपर्यंत गंभीर होता, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"राख गार असते, पोरी," शेवटी ते म्हणाले. "तू पसरलास तो विस्तव."

इतक्यात त्यांच्या भिंतीवरचा फोन वाजला. बर्नडीन होती.

"कोरिन, तू पोचलीस वाटतं. एल्विन?"

"छान आहेत. ॲपल पाय खातायत."

"मग रस्त्यावरचा ट्रक काढ. वाळूची गाडी तुमच्याच रस्त्यावर निघाली होती, ती तुझ्या ट्रकपाशी अडकलीय. वाळूवाला म्हणतो, ट्रकचं अर्धं धूड गावरस्त्यावर आहे आणि मागचं अर्धं खुराड्यात. खुराडं खरं म्हणजे रस्त्याच्या हद्दीत येतं, पण ते एल्विनच्या वडिलांनी बांधलंय म्हणून आम्ही कधी विचारलं नाही. आता विचारावं लागेल. माझ्याकडे या दोन्हींचे रकाने आहेत."

म्हणजे सकाळपासून जी वाळू मला मिळत नव्हती, ती आता माझ्या ट्रकपासून वीस फुटांवर पाच टन उभी होती, आणि माझ्याच ट्रकमुळे तिला पुढे येता येत नव्हतं. ट्रक रेमी आल्याशिवाय हलणार नाही, आणि रेमी त्याच वाळूच्या गाडीमागे, रांगेत तिसरा आहे. रस्ताही काचेचाच, म्हणून तिथूनच त्यानं हात केला. मीही केला.

आणि आमच्या घरी शेगडी बंद. "नळ गोठून फुटतील वर," एल्विन म्हणाले आणि पुन्हा बुटांना खिळे बांधू लागले. मी भांडले. खरंच भांडले. मी जाते म्हटलं, रेमीला पाठवू म्हटलं, नळ फुटले तर फुटू देत म्हटलं. "रेमी सोळा तास खांबांवर चढतोय. आणि तू? तू सकाळी पाच पावलं टाकलीस ना? मग. पोरीला बघ. आणि माझ्या शेगडीला हात लावू नकोस." असं म्हणून त्यांनी कोरड्या सरपणाची एक मोळी पाठीला बांधली आणि अकरा वाजता निघाले. दीड तासात वरून धूर काढतो म्हणाले.

आता सव्वा वाजलाय. सकाळी सल्ला देणारे एकतीस जण यादीवर 'मग काय झालं?' विचारतायत, म्हणून एल्विनच्या टेबलाशी बसून हे सगळं सविस्तर लिहिलं. त्यांच्या खिडकीतून आमचं घर किती छान दिसतं ते मला आज कळलं. धुराडं अगदी स्पष्ट दिसतं. त्यावर मघाशी काहीतरी पांढरं दिसल्यासारखं वाटलं, पण तो ढगही असेल. टॅन्सी झोपलीय. मी दर मिनिटाला उठून बघतेय.

तेव्हा टेकडीच्या वरच्या अंगाला राहणारं जे कोणी हे वाचत असेल, त्यांनी कृपा करून झाडांना धरून, कडेकडेनं आमच्या घरी जाऊन या. दार वाजवत बसू नका, उघडंच आहे. म्हातारा शेगडीपुढे बसून माझ्या सरपणाला नावं ठेवत असेल तर ठेवू द्या. वाटेतच कुठे मेपलखाली दम खात बसलेला दिसला तर हात द्या. मी पाठवलंय म्हणू नका, सहज आलो म्हणा, नाहीतर उठणार नाही. बरा आहे ना, एवढंच बघा आणि मला लगेच कळवा. फोन माझ्या हातातच आहे.